शूटिंगच्या आधी शिवार पायी फिरा



पाऊस उघडला की आमच्या सोनईच्या शिवारात कॅमेरे दिसायला लागतात. कुणाचं प्री-वेडिंग, कुणाची रील, आणि बियाणे-खतवाल्यांचे प्लॉटचे व्हिडिओ तर बाराही महिने. येऊ द्या, हरकत नाही. पण आधी कॅमेरा पिशवीत ठेवून शेतमालकासोबत एक फेरी मारायची. तेवढा वेळ नसेल तर सरळ नाही म्हणा, मग पाव्हणे असोत की कंपनीचे साहेब.

जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या डोंगरावर रील काढताना एका तरुणीची गाडी रिव्हर्समध्ये दरीत गेली. पुढच्याच महिन्यात रायगडमध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर रील करताना मुंबईची एक मुलगी दरीत पडली. दोघीही गेल्या. शूटिंग करणाऱ्याची नजर स्क्रीनवर असते आणि समोरच्याची कॅमेऱ्यात. पायाखाली बघायला कुणीच नसतं. म्हणून एक माणूस असा ठेवा ज्याच्या हातात मोबाईल नाही. त्यानं थांबा म्हटलं की थांबायचं.

आपल्याकडं दरी नाही, पण शेततळं आहे. निळा कागद, वर ढग, फोटो झकास येतो. पण त्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. हात टाकला की घसरतो, दमतो आणि बुडतो. तळ्याच्या काठावर शूट करायचंच असेल तर आधी मजबूत खुंटीला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडा, हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवा. कुणी पडलंच तर मागं उडी मारू नका, दोर फेका. विनाकठड्याच्या विहिरीजवळ तर शूट नकोच.

वर तारा बघा. लोंबकळलेल्या तारेखाली लोखंडी स्टँड किंवा ॲल्युमिनियमची शिडी उभी करणं म्हणजे मरणाला बोलावणं. ढग गडगडला की गुंडाळा, झाडाखाली थांबू नका. आदल्या दिवशी काय फवारलं ते मालकाला विचारा. लाल त्रिकोणाचं औषध असेल तर त्या प्लॉटमध्ये लेकराबाळांना उभं करू नका.

फोटोवाल्यांना मावळतीचं ऊन लागतं, आणि उसातून बिबट्या निघायची वेळही तीच. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. उसाच्या कडेला खाली वाकून, बसून पोझ देऊ नका. अंधार पडायच्या आत डांबरीवर या.

कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्ही प्लॉटवर बोलावता तेव्हा पन्नास माणसं एका बांधावर उभी राहतात. १०८ ला फोन लागला तरी गट नंबर सांगून रुग्णवाहिका येत नाही. रेंज कुठं येते ते बघून ठेवा, लोकेशन आधीच ग्रुपवर टाका, आणि गाडीला वाट दाखवायला फाट्यावर कोण जाणार ते सकाळीच ठरवा.