रिकामी टाकी रिकामी नसते!

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे आला होता. नुकतीच नववी संपलेली, आणि हातात सदानकदा पाना नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर! आमच्या पडवीत त्याच्या आजोबांची जुनी येझदी चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ‘मामा, चालू करू या ना!’ असा त्याचा धोशा. शेवटी टाकीत दोन लिटर पेट्रोल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काय, फरशीवर ओला डाग आणि पडवीभर वास!

दिव्याच्या बटणाला हात न लावता आम्ही गाडी अंगणात ढकलत नेली. आता गळतंय कुठून? टाकी की खालचा कॉक? फडक्यानं सगळं कोरडं केलं आणि खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं टाकीच्या डाव्या अंगाला, अगदी तळाशी पूड ओली होऊन काळपट झाली. सापडला चोर!

मी धुण्याच्या साबणाची वडी आणून भोकावर घासली. भाचा हसायला लागला. ‘साबण? तो तर विरघळेल!’ पाण्यात विरघळला असता. पेट्रोलमध्ये नाही विरघळत. वाटेत गाडी गळू लागली, तर गॅरेजपर्यंत पोचायला जुने मिस्त्री हीच युक्ती करतात. पण ही तात्पुरती मलमपट्टी, बरं का!

भोक नेमकं डावीकडे आणि तळाशीच का पडलं? अर्धवट भरलेल्या टाकीत हवा असते आणि हवेत बाष्प. रात्री पत्रा गार झाला की त्या बाष्पाचे थेंब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसतं. साइड-स्टँडवर गाडी डावीकडे कललेली, म्हणून पाणीही डाव्या कोपऱ्यात साचतं आणि पत्रा आतून गंजत जातो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते पाणी ओढून घेतं. तेव्हा दोष गाडीचा नव्हता. चार वर्षं तिच्याकडे न बघणाऱ्या आमचा होता.

आता खरी गोष्ट ऐका. भाच्यानं पेट्रोल काढलं, टाकी सोडवली, दिवसभर उन्हात वाळवली आणि मला न सांगता सायकलला बांधून कोपऱ्यावरच्या ग्रिल बनवणाऱ्याकडे नेली. ‘काका, एवढं वेल्डिंग करून द्या. टाकी रिकामीच आहे.’ त्या काकांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं, हातातलं काम थांबवलं आणि टाकी उचलून आधी बाहेर नेऊन ठेवली. ‘पोरा, ही भरलेली आहे. घरी जा आणि मोठ्या माणसाला घेऊन ये.’

भाचा हिरमुसून परत आला. सगळं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगतो.

द्रव पेट्रोल जळत नाही. जळते त्याची वाफ, आणि तीही हवेत मिसळल्यावर. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की एक ठिणगी पुरे, स्फोट होतो! बारा लिटरच्या टाकीत असं मिश्रण व्हायला चहाचा अर्धा चमचा पेट्रोल पुरतं. तेवढं तर गंजाच्या खपल्यांत आणि पत्र्याच्या जोडात सहज दडून बसतं. ज्योतीच्या उष्णतेनं त्याची वाफ होते. म्हणून ‘रिकामी’ टाकी भरलेल्या टाकीपेक्षाही घातकी! टाकीत काडी लावून डोकावणं तर कधीच नाही. मोबाइलचा दिवासुद्धा नको.

मग आम्ही दोघं मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी टाकी गरम पाणी आणि साबणाच्या पुडीनं पुन्हा पुन्हा खळबळून धुतली. आत मूठभर नट टाकून गंजाच्या खपल्या पाडल्या. भोक टाचणीएवढं दिसत होतं, पण भोवतालचा पत्रा घासल्यावर रुपयाएवढी जागा पोखरलेली निघाली! मग टाकी उलटी करून कॉकच्या भोकातून पाणी भरलं. आता वाफेला राहायला जागाच उरली नाही. लांबच्या शेगडीवर तापवलेल्या खैऱ्यानं डाख देऊन पत्र्याचं ठिगळ बसवलं. टाकीजवळ ज्योत आणलीच नाही. शेवटी पाणी भरून गळत नाही ना ते पाहिलं, टाकी खडखडीत वाळवली आणि आतून पेट्रोलनं न विरघळणारा लेप फिरवला.

तुम्हाला काय करता येईल? एका ग्लासात थोडं गोडेतेल घ्या आणि त्यात पाण्याचे चार थेंब सोडा. थेंब कुठे जाऊन बसतात ते बघा, म्हणजे टाकीतलं भोक कुठे पडतं ते कळेल. आणि घरातल्या गाडीखाली ओला डाग दिसला, तर स्वतः काही करू नका. लगेच आईबाबांना सांगा.

येझदी आता सुरू झाली आहे. भाचा मात्र घरी परत जाताना मला न सांगता त्या ग्रिलवाल्या काकांना भेटून आला. या वेळी हातात टाकी नव्हती, पेढ्यांचा पुडा होता!