बल्ब बदलण्याआधी

पावसाळी रात्री गव्हाण फाट्यावरून उरणकडे निघालं की गाडीचे दिवे अपुरे पडतात, हे खरंच आहे. ओला डांबरी रस्ता उजेड गिळतो आणि कडेला उभ्या ट्रेलरचे रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले असतात. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रेलर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तीसेक मीटर सरतात. म्हणून लोक हॅलोजन काढून पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाकून घेतात. त्यांची गरज मला पटते, उपाय पटत नाही.

आपल्या बऱ्याच गाड्यांत एच-४ हॅलोजन असतो, ६० वॉटचा अप्पर आणि ५५ वॉटचा डिप्पर. डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून परावर्तकाचा वरचा अर्धाच भाग उजळतो आणि झोत रस्त्यावर पडतो. ही सगळी रचना तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली आहे. एलईडीची चिप तिथे तंतोतंत बसली नाही की उजेड फाकतो, तो थेट समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत. गाडीवाल्याला मात्र बोनेटपुढचा पट्टा लख्ख दिसतो आणि काम झालं असं वाटतं. त्या झगमगाटात लांबचा अंधार उलट गडदच होतो. शिवाय असा बेकायदा फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधी हेडलाइटची काच बघा. ती खरं तर प्लास्टिकची असते, उन्हाने पिवळी पडते. पॉलिश केली तरी बराच फरक पडतो. मग वायरिंग. बल्बपर्यंत पोचणारा व्होल्टेज १० टक्के घटला, तर हॅलोजनचा उजेड जवळपास ३० टक्के घटतो. जुन्या गाडीला जाड वायर आणि रिले बसवून घ्या. १०० वॉटचा बल्ब नुसताच ठोकलात तर होल्डर वितळेल. शेवटी फोकस. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. डिप्परची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणसं आणि सामान भरलं की डॅशबोर्डजवळचं ० ते ३ आकड्यांचं चाक, असेल तर, फिरवायचं. त्याला अनेकांनी कधी हातही लावलेला नसतो. एवढं करूनही कमी पडलं तर तितक्याच वॉटचा, चांगल्या कंपनीचा, जास्त उजेडाचा हॅलोजन घ्या. आणि चाळिशी उलटली असेल तर डोळेही तपासून घ्या.

पण नुसतं गाडीवाल्यांना सांगून भागणार नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तोवर तिचे दिवे आरटीओत तपासले जायची वेळच येत नाही. पीयूसीसाठी मात्र तीच गाडी ठरावीक मुदतीने केंद्रावर उभी राहते. तिथेच झोत मोजायचं यंत्र ठेवावं आणि फाकलेल्या उजेडाच्या गाडीला प्रमाणपत्र देऊ नये. परिवहन विभागाने याची सुरुवात नवी मुंबईपासून करावी.