आभाळ कुणाच्या हद्दीत?

आमचे बिऱ्हाड मुंबईच्या उपनगरात, अगदी विमानांच्या वाटेखाली. विमान आले की आमच्याकडे बोलणे थांबते आणि ते गेले की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू होते. पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला सवय झाली आहे.

पण गेल्या पावसाळ्यात आई आजारी पडली. रात्री जेमतेम तिचा डोळा लागावा आणि वरून घरघराट यावा! बिचारी दचकून उठे नि उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहत पडे. शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घेऊन मी नगरसेवकांकडे गेलो.

त्यांनी अर्ज वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "काका, गटार सांगा, रस्ता सांगा, दिवा सांगा. आभाळ काही आमच्या हद्दीत नाही!"

मी तणतणत घरी आलो. माझा भाचा वकील. तो म्हणाला, "मामा, ते खरेच आहे. राज्यघटनेने विमाने नि विमानतळ केंद्राच्या यादीत घातले आहेत. आणि हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. बरबँकची गोष्ट ऐका."

बरबँक हे अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळचे शहर. १९७० साली तिथल्या नगरपालिकेने ठरवले, की रात्री ११ ते सकाळी ७ जेट विमानाने उडायचे नाही. विमानतळ तेव्हा खाजगी कंपनीचा. ती कोर्टात गेली. वेळापत्रकातले एकच विमान या नियमात अडकत होते, दर रविवारी रात्री साडेअकराला सॅन दिएगोला जाणारे! तरी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी नियम रद्द झाला. प्रत्येक गाव आपापल्या वेळी दार लावू लागले, तर विमानांची गर्दी उरलेल्या तासांत होणार. म्हणून हा कारभार केंद्राच्याच हाती हवा, असे न्यायालय म्हणाले.

१९७८ साली बरबँकने ग्लेनडेल आणि पॅसाडिना या शेजाऱ्यांसह विमानतळच विकत घेतला. पण १९९० च्या कायद्याने मालकाचेही हात बांधले, आणि रात्रबंदीची त्यांची मागणी २००९ साली केंद्राच्या विमानखात्याने फेटाळली.

"मग गावाच्या हाती राहिले काय?" मी विचारले.

"जमीन, मामा! विमानाच्या वाटेखाली काय बांधू द्यायचे, शाळा-इस्पितळांच्या खिडक्या कशा असाव्यात, हे तर गाव पाहू शकते ना?"

म्हणजे नगरसेवक खोटे बोलले नव्हते. अर्धेच बोलले होते. मग मी दोन अर्ज केले. रात्रीच्या विमानांचा दिल्लीला, आणि खिडक्यांचा नगरसेवकांना. दिल्लीचे उत्तर अजून यायचे आहे. नगरसेवकांनी मात्र या वेळी अर्ज ठेवून घेतला.

आईचा पलंग आम्ही मागच्या खोलीत हलवला आहे. आता ती तीन-चार तास तरी सलग झोपते.