व्हायोलावाल्याचा प्रश्न

सात महिने. मधले दोन रिलीज आणि एक लग्न (चुलतभावाचं, माझं नव्हे) सोडून बाकीचे सगळे शनिवार-रविवार धरले तर एका स्ट्रिंग क्वार्टेटची एक मूव्हमेंट लिहायला मला सात महिने लागले. वाजायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे महिन्याला साधारण ४३ सेकंद. या स्पीडने मी कोड लिहिला असता तर मॅनेजरने कधीच नारळ दिला असता.

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. बस्स. कंडक्टर नाही, तबला नाही, लपायला जागा नाही. मी लहानपणी व्हायोलिन शिकलो ते मांडी घालून, आपल्या पद्धतीचं. पाश्चात्त्य नोटेशन तिशी ओलांडल्यावर रात्री जागून शिकलो. त्यामुळे लिहून झाल्यावर पहिला प्रश्न पडला तो हाच, की हे बरं झालंय की वाईट, हे मला कोण सांगणार?

पहिली पायरी अर्थातच मित्र. मस्कोरमधून ऑडिओ फाइल काढली आणि ग्रुपवर टाकली. "मस्त रे!" "भारी!" "सिनेमाला बॅकग्राउंड म्हणून चालेल!" कोड रिव्ह्यूमध्ये नऊशे ओळींच्या बदलावर कुणी दीड मिनिटात "ठीक वाटतंय" लिहून मोकळं झालं की आपल्याला जे वाटतं, तेच मला वाटलं. त्याने ऐकलेलंच नाही! आईने मात्र पूर्ण ऐकलं, चष्मा काढून, डोळे मिटून. म्हणाली, "छान आहे. पण संपलं कधी ते कळलंच नाही बघ." मी तिला समजावायला लागलो की शेवट मुद्दाम तसा मोकळा सोडलाय, आधुनिक संगीतात असं असतं वगैरे. ती "बरं" म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

दुसरी पायरी म्हणजे जाणकार. ओळखीतून एका गृहस्थांना स्कोअर पाठवला. त्यांनी मनापासून वेळ दिला, हे आधी कबूल करतो. दोन पानी उत्तर आलं आणि सोबत माझेच पहिले ४० बार त्यांनी नव्याने लिहून पाठवले. नियमात चोख. पण ते माझं राहिलंच नव्हतं. असे रिव्ह्यूअर ऑफिसातही भेटतात. फंक्शन चुकलंय कुठे ते सांगत नाहीत, स्वतः असतो तर कसं लिहिलं असतं ते सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की हा फीडबॅक नव्हे, हा प्रेमाने केलेला कब्जा आहे.

आणि सगळ्यात खोटारडा रिव्ह्यूअर म्हणजे कॉम्प्युटर. तो दमत नाही आणि तक्रारही करत नाही. पहिल्या व्हायोलिनला मी एका जागी मधला सी आणि त्याखालचा ए असे दोन स्वर एकत्र दिले होते. सॉफ्टवेअरने ते गोड वाजवून दाखवले. खऱ्या व्हायोलिनवर हे दोन्ही स्वर फक्त सगळ्यात खालच्या जी तारेवर मिळतात, आणि एका तारेवर एका वेळी दोन स्वर कसे वाजणार? चेलोला आठ बारांचा एकच स्वर दिला होता, पूर्ण जोरात, एकाच स्लरखाली, म्हणजे एकाच बोमध्ये. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत ३२ ठोके म्हणजे जवळजवळ २७ सेकंद. तेवढा बो लांब नसतो हो. मी स्वतः गज हातात धरलेला माणूस, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही! स्पीकरमधून कान भरले की हात विसरतात.

शेवटी एका मित्राच्या ओळखीने हौशी वादकांची एक चौकडी मिळाली. रविवारी सकाळी एकाच्या हॉलमध्ये जमतात, हायडन-मोत्झार्ट वाजवतात, मग वडे खातात. मला चाळीस मिनिटं दिली. वरच्या दोन्ही चुका पहिल्या पाच मिनिटांत पकडल्या गेल्या, हसण्यावारी नेल्या गेल्या. मग सलग वाजवलं. संपल्यावर व्हायोलावाला, पन्नाशीचा डॉक्टर, गंभीर चेहऱ्याने मला म्हणाला, "मी तुमचं काय वाकडं केलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने स्टँडवरचं पान माझ्याकडे फिरवलं. एकूण ११८ बार. त्यातले ७१ बार व्हायोला नुसता ऑफबीट वाजवत होता. एक-दोन-एक-दोन. घड्याळासारखं. तो म्हणाला, "वाजवायला अवघड नाहीये. पण मी का वाजवतोय ते मला कळत नाही."

मला तिथे खरंच घाम फुटला. कारण उत्तर मला माहीत होतं. मी क्वार्टेट लिहिलंच नव्हतं. मी एक चाल लिहिली होती आणि तिच्यामागे तीन माणसं उभी केली होती, लेहरा धरायला बसवल्यासारखी. तीन महिन्यांपूर्वी ती चाल सुचली तेव्हा मी इतका खूश झालो होतो की पुढचं सगळं तिची पालखी वाहण्यात गेलं. सात महिन्यांत कुणीही, दोन पानी पत्रानेसुद्धा, हे सांगितलं नव्हतं. ज्याला ते वाजवावं लागलं त्याने एका मिनिटात सांगितलं.

घरी येऊन चिडचिड झाली हे लपवत नाही. फाइल डिलीट करावी असंही वाटलं. मग जुनी उदाहरणं आठवून स्वतःची समजूत घातली. बीथोवनने १७९९ मध्ये आपल्या पहिल्या क्वार्टेटची (ओपस १८, क्रमांक १) एक प्रत कार्ल आमेंडा नावाच्या मित्राला दिली होती. १८०१ मध्ये त्यालाच पत्र लिहून कळवलं की ती कुणाला देऊ नकोस, मी त्यात बरेच बदल केलेत, क्वार्टेट नीट लिहायचं कसं ते मला आत्ता कुठे कळलंय. बीथोवन! मोत्झार्टने हायडनला अर्पण केलेली सहा क्वार्टेट्स १७८२ ते १७८५ अशी घासली, आणि अर्पणपत्रिकेत ती दीर्घ, कष्टाच्या कामाचं फळ असल्याचं स्वतःच लिहिलं. ब्राम्सने १८७३ मध्ये, चाळिशीत, पहिली दोन क्वार्टेट्स छापली. त्याआधी वीसेक फाडून टाकली असं सांगतात.

तुम्ही म्हणाल, मग वादक सांगतील ते सगळं ऐकायचं का? अजिबात नाही. रावेलने आपलं क्वार्टेट ज्याला अर्पण केलं, त्या गुरू फोरेला त्याचा शेवटचा भाग पटला नव्हता, आणि देबुसीने मात्र एक स्वरही बदलू नकोस असा सल्ला दिला, असं सांगतात. एका माणसाचं ऐकलं की दुसरा नाराज. माझ्याच रविवारी पहिल्या व्हायोलिनवालीचं म्हणणं होतं की मधला संथ भाग निम्मा करा. तो मी ठेवलाय. तिला तो कंटाळवाणा वाटला कारण तिला तिथे फारसं काम नाही, आणि ते तसंच हवंय मला. पण व्हायोलावाल्याचं वेगळं होतं. तो मला उपाय सांगत नव्हता, त्याला वाजवताना काय झालं ते सांगत होता. उपाय शोधणं माझं काम. असा बग रिपोर्ट मिळायला नशीब लागतं राव.

असो. पुढचे पाच वीकएंड मी त्या ७१ बारांवर बसलो. लाडक्या चालीचा दुसरा फेरा सरळ कापला (तेव्हा पोटात कालवलं). तिसरा फेरा व्हायोलाला दिला. पण तो मधल्या पट्टीत असल्यामुळे वरची दोन व्हायोलिन्स त्याला झाकून टाकणार, हे या वेळी आधीच लक्षात आलं, म्हणून त्यांना तिथे जवळजवळ गप्प बसवलं. आता मूव्हमेंट पाच मिनिटांची सव्वाचार झालीये. डॉक्टरांना नवीन पान पाठवलं तर उत्तर आलं, "आता मला प्रॅक्टिस करावी लागेल. त्रास वाढवलात." एवढ्यावर मी दोन दिवस हवेत होतो.

पुढच्या महिन्यात ते परत वाजवणार आहेत. आणि हो, पहिल्या वेळी शेवटचा स्वर थांबल्यावर चौघेही गज तारेवर ठेवून एकमेकांकडे बघत होते, पान उलटायचंय की काय म्हणून. ते आठवलं की आई आणि कुकर आठवतो. शेवटचे सहा बार अजून झालेले नाहीत, आणि तोपर्यंत तिला काही ऐकवायची माझी हिंमत नाही.