कोयनेला नापास करणाऱ्यांनो, आधी पाणी मोजा

"कोयना 1960 मेगावॉटची, आणि चालते जेमतेम 17-18 टक्के लोड फॅक्टरवर. सरकारी कारभार! देऊन टाका खासगीकडे." असलं ज्ञान सध्या आपल्या ग्रुपांवर फिरतंय. पुढे ढकलणाऱ्यांत चांगले शिकलेले लोक आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

लोड फॅक्टर म्हणजे काय? वर्षाचे 8760 तास सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर जेवढी वीज होईल, त्यातली प्रत्यक्षात किती झाली. कोयनेचा तो हिशोब 1700 कोटी युनिटच्या वर जातो आणि निघतात साधारण 300 कोटी. आकडा बरोबर आहे. लावलेला अर्थ साफ चुकीचा.

विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी ठरवून दिलंय. ते संपलं की विषय संपला. ऊस संपल्यावर कारखान्याचा बॉयलर थंड होतो, तेव्हा जूनमध्ये गाळप का नाही असं चेअरमनला कुणी विचारतं का? (चेअरमनला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत, ते पुन्हा कधीतरी.)

गंमत पुढे आहे. 1999-2000 मध्ये 1000 मेगावॉटचा चौथा टप्पा सुरू झाला. पाणी मात्र तेवढंच. म्हणजे लोड फॅक्टर खाली येणार हे माहीत असूनच तो बांधला! कारण संध्याकाळी अख्खा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो, तेव्हा थंड पडलेला कोळशाचा संच तापायलाच कित्येक तास घेतो. कोयना काही मिनिटांत उभी राहते. तिचं कामच ते आहे.

आता टक्के वाढवायचेच म्हणता, तर जादा पाणी कुणाचं घेणार? पश्चिमेला गेलेलं पाणी वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पूर्वेला सोडलेलं कृष्णेत येतं, त्याच्यावर टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पंप चालतात. उन्हाळ्यात "कोयनेतून पाणी सोडा" म्हणून निवेदनं देणारे आपणच, आणि जास्त वीज का काढत नाही म्हणून ओरडणारेही आपणच. सांगलीत बसून हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला काय म्हणावं?

लोड फॅक्टर विचारायचाच तर कोळसा-गॅसच्या वीजखरेदी करारांत विचारा. तिथे वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी स्थिर आकार भरावा लागतो, आणि जितकी कमी उचलाल तितकं प्रत्येक युनिट महाग पडतं. तो पैसा शेवटी तुमच्या-माझ्या बिलातूनच जातो. दाभोळचा एन्रॉन याच गणिताने वीज मंडळाच्या मानगुटीवर बसला होता, 2001 मध्ये त्याची खरेदीच थांबवावी लागली. आणि तो प्रकल्प खासगीच होता बरं का.