टेकडीला वाङ्मयात जागा नाही

मराठीच्या वर्गात 'डोंगर' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर सह्याद्री उभा राहतो. वर्ग पुण्यात किंवा महाडात भरत असेल तर त्यात वावगे काही नाही. पण वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात, खिडकीबाहेर पळसांनी भरलेले बरड दिसत असताना, पहाटेच्या भटकंतीवर लिहिणारा विद्यार्थी कडेकपारी, कोसळणारे धबधबे आणि बुरुजावरचा सूर्योदय लिहून आणतो, तेव्हा दोष त्याचा नसतो. आपण जे त्याला वाचायला दिले, तेच त्याने इमानाने परत केलेले असते. त्याच्या गावामागे टेकडी आहे, लहानपणी तो तिच्यावर ढोरांमागे हिंडला आहे. पण ती 'लिहिण्यासारखी' आहे, असे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही.

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडची टेकडी कार्तिकातल्या एका पहाटे चढताना हा विचार सारखा सोबतीला होता. गिरड बाबा फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. पंजाबातल्या या सूफी संताने येथे येऊन तप केले, अशी लोकश्रद्धा आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे नवस फेडायला येतात. चढ असा की गिर्यारोहक त्याला हसेल. दम लागण्याआधीच माथा येतो. एका अंगाला सागाचे जंगल, दुसऱ्या अंगाला पसरलेली शेते; तुरीला पिवळा फुलोरा, पऱ्हाटीला फुटलेली बोंडे, आणि दव पुरते वाळायच्या आत वेचणीला निघालेल्या बायांची पांदणीतून सरकणारी रांग. पायाखाली गोल, जायफळ-सुपारीच्या आकाराचे दगड.

या दगडांची एक कथा आहे. एका व्यापाऱ्याने फकिराची टिंगल केली. फकिराच्या शब्दाने त्याच्या गोण्यांतला माल दगड होऊन गेला. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजे साचली आणि भोवतालचा खडक झिजल्यावर हे गोळे मोकळे झाले. कथा आणि शास्त्र यांच्यात येथे भांडण लावण्याचे कारण नाही. दोघांनीही एक गोष्ट केली आहे: दोघेही त्या दगडापाशी वाकले आहेत. वाकले नाही ते फक्त आपले शिष्ट मराठी गद्य.

असे का झाले? आपल्या निसर्गलेखनाने डोंगराला दोनच कसोट्या लावल्या, उंची आणि इतिहास. गो. नी. दांडेकर जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला, मेळघाटाच्या पायथ्याशी; पण त्यांचे डोंगर म्हणून आपण मिरवतो ते सह्याद्रीतले गड. त्यांनी 'पूर्णामायची लेकरं' लिहून वऱ्हाडाचे ऋण फेडले, हे खरे. परंतु दुर्गभ्रमणाच्या परंपरेत त्या मातीला स्थान मिळाले नाही. काका कालेलकर वर्ध्यात राहिले. प्रवासलेखक म्हणून त्यांची कीर्ती हिमालयाच्या वाटांची आणि नद्यांची. वर्धा स्वतः साहित्यात येते ती आश्रमापुरती, सेवाग्राम आणि पवनार यांच्या कुंपणाच्या आत. 1969 साली आणि पुन्हा 2023 साली अखिल भारतीय साहित्य संमेलन वर्ध्यात भरले; या मुलखाच्या जमिनीला मात्र आपल्या पाठ्यक्रमात अजून जागा मिळालेली नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाचे रान मराठीत आणले, त्याचे काय? तो आदराने मान्यच आहे. पण त्यांचे रान हे खरोखरीचे अरण्य आहे, पक्ष्यांचे आणि श्वापदांचे. अरण्य आणि गड यांच्या मध्ये जो विस्तीर्ण, उघडा, ठेंगणा प्रदेश आहे, जेथे विदर्भातली बहुसंख्य माणसे राहतात, त्याच्याविषयी मी बोलतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: टेकडीत मुळात सौंदर्यच कमी असेल, तर लेखकाने काय करावे? या प्रश्नामागे एक भाबडी समजूत आहे, की सौंदर्य आधी असते आणि साहित्य नंतर येऊन त्याची नोंद घेते. ज्या स्कॉटलंडच्या पर्वतांवरून इंग्रजी निसर्गकवितेचे धडे आपण घेतले, त्यांचाच दाखला पाहावा. 1773 मध्ये डॉ. जॉन्सन त्या प्रदेशात फिरले, तेव्हा त्यांना तेथे झाडे नसलेला, ओसाड, निरुपयोगी मुलूखच प्रामुख्याने दिसला. 1810 मध्ये वॉल्टर स्कॉटचे 'द लेडी ऑफ द लेक' प्रसिद्ध झाले आणि त्याच मुलखातले एक सरोवर पाहायला प्रवाशांची रीघ लागली. मधल्या काळात पर्वत बदलले नव्हते, वाचणारे डोळे बदलले होते. 1818 च्या ऑगस्टमध्ये कीट्स पहाटे पाचच्या सुमारास निघून 1345 मीटर उंचीच्या बेन नेव्हिसवर चढला. माथ्यावर त्याला धुक्याखेरीज फारसे काही दिसले नाही, आणि त्या न दिसण्यावरच त्याने सुनीत लिहिले. पुढे नॅन शेफर्ड या लेखिकेने 1940 च्या दशकात केर्नगॉर्म पर्वतांवर लिहिलेल्या आणि 1977 मध्ये प्रकाशित झालेल्या 'द लिव्हिंग माउंटन' या पुस्तकात माथा गाठण्याची हौसच बाजूला सारली. आयुष्यभर त्याच पर्वतात पुन्हा पुन्हा जात राहणे, हाच त्या पुस्तकाचा गाभा. म्हणजे ज्यांच्याकडून आपण उंचीची भक्ती शिकलो, ते स्वतः तीतून बाहेर पडले. आपण मात्र अजून पहिल्याच इयत्तेत आहोत.

योगायोग असा की 1845 मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच परिसरातले खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडले, त्यांवर शास्त्रीय निबंध लिहिले आणि 1863 मध्ये येथल्याच एका नाल्याच्या पुरात बुडून गेले. साहेबाने पाहिले म्हणून आपण पाहावे, असे मला म्हणायचे नाही. व्यापाऱ्याच्या गोण्यांची कथा रचणाऱ्याला हिस्लॉपची गरज पडली नव्हती. गरज आपल्याला, शिकलेल्यांना आहे.

हा केवळ अभिरुचीचा वाद असता तर सोडून देता आला असता. पण साहित्यात नाव नसलेल्या टेकडीला शासकीय दप्तरात नाव असते: गौण खनिज. तिला मापही असते: ब्रास. रस्त्याच्या भरावाला मुरूम लागतो, गिट्टी लागते, आणि एखादी टेकडी एका बाजूने पोखरली जाऊ लागते. गडाचा चिरा हलला तर वर्तमानपत्रे भरतात, आणि ते योग्यच आहे. टेकडी नाहीशी होते तेव्हा काय गेले, हे सांगायला आपल्याकडे वाक्यच नसते. कारण ते वाक्य आपण कोणाला शिकवलेलेच नाही. साहित्याने टेकड्या वाचतात, असा माझा दावा नाही. पण जिचे वर्णन झाले आहे, ती निदान गुपचूप जात नाही.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी 'निसर्गवर्णन' शिकवताना उताऱ्याचे पुस्तक मिटावे आणि मुलांना पहाटे गावामागच्या टेकडीवर धाडावे. धबधबा लिहून आणणाऱ्याला गुण देऊ नयेत. बरडाला त्याच्या गावात काय म्हणतात, तेथला दगड कसा दिसतो, वेचणीला कोण निघाले होते, हे ज्याने लिहिले, त्याची वही वर्गात मोठ्याने वाचून दाखवावी.