बंदी कुणावर, भार कुणावर?

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. हळदीच्या बाजारपेठांमुळे हिंगोली आणि वसमत ही नावे दूरवर पोहोचली. परंतु ज्या जिल्ह्यात हळदीचे सौदे होतात त्याच जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, कुणी वीटभट्टीवर जाते, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. या लोंढ्यातला पुरुष काय काम करतो हे गावाला ठाऊक असते. एकट्याने शहरात गेलेली बाई काय काम करते हे गाव सहसा विचारीत नाही. तिने पाठविलेला पैसा मात्र घरात आणि दुकानात बिनदिक्कत स्वीकारला जातो.

त्या पैशामागे कधी कधी देहविक्रय असतो. मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी किंवा पुण्याच्या बुधवार पेठेसारखी नावाजलेली वस्ती हिंगोलीत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा नाही, असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही. वस्ती महानगरात असली तरी तिथे पोहोचणारी बाई बहुधा अशाच कोरडवाहू मुलखातून आलेली असते. आणि आता तर या धंद्याला वस्तीचीही गरज उरलेली नाही. हातातला मोबाइल पुरतो.

या बाईचा सरकारशी संबंध येतो तो १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातून. पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘पिटा’. माणसांच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्याचा त्याचा हेतू निर्विवाद आहे. देहविक्रय हा स्वतःच गुन्हा आहे असेही हा कायदा म्हणत नाही. पण तो करताना जे जे करावे लागते ते जवळजवळ सर्व गुन्ह्यात मोडते. पूजास्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवसाय केल्यास शिक्षा आहे. सेनगाव किंवा कळमनुरीसारख्या गावात कुणी फीत घेऊन दोनशे मीटर मोजू लागला तर मोकळी जागा उरेल किती? दोघी जणींनी सुरक्षिततेसाठी एक खोली घेऊन दोघींच्या फायद्यासाठी हे काम केले तर ती खोली कायद्याने कुंटणखाना ठरते. तिच्या कमाईवर जाणीवपूर्वक जगणाऱ्या, अठरा वर्षांवरील कुणालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे दलालासाठी केलेले कलम तिच्या म्हाताऱ्या आईवर आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलावरही चालू शकते. गिऱ्हाइकाला खुणावल्याबद्दल बाईला पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याच कलमाखाली पुरुष सापडला तर त्याला जास्तीत जास्त तीन महिने! स्त्रीचे संरक्षण करू पाहणाऱ्या कायद्याची ही तऱ्हा आहे.

बंदीचा भार कुणावर पडतो याचा धडा महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. २००५ साली राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले. भाषा स्त्रीच्या प्रतिष्ठेची होती. परंतु तीन आणि त्याहून अधिक तारे मिरविणारी हॉटेले आणि जिमखाने या बंदीतून वगळण्यात आले होते. गरिबाच्या बारमध्ये जो नाच प्रतिष्ठा बुडवितो तो श्रीमंताच्या हॉटेलात ती बुडवीत नाही, असा त्याचा अर्थ झाला. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द ठरविली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, तेव्हा पंच्याहत्तर हजारांहून अधिक स्त्रिया बेकार झाल्याची आणि त्यांतील अनेकींना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागल्याची नोंद निकालपत्रातच झाली. मधली आठ वर्षे मात्र त्यांना कुणी परत दिली नाहीत. सरकारने २०१४ मध्ये पुन्हा बंदी आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला. त्यातल्या अनेक जाचक अटी न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द केल्या. या सगळ्या काळात नाचणाऱ्या बाईच्या पोटाचा प्रश्न मागेच राहिला.

आता तीच चूक मोबाइलच्या पडद्यावर घडत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली लैंगिक कृतीचे चित्रण प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जबरदस्तीने केलेले चित्रण आणि सज्ञान बाईने स्वतः होऊन केलेले चित्रण यांत हे कलम भेद करीत नाही. परिणामी, जिचे चित्रण चोरून पसरविले गेले, जिच्याकडून त्या धाकाने पैसे उकळले गेले, तीच ठाण्याची पायरी चढायला कचरते. फिर्यादीचे आरोपीत रूपांतर होण्याची तिला भीती वाटते. अमेरिकेने एप्रिल २०१८ मध्ये अशा जाहिराती छापणाऱ्या संकेतस्थळांवर कडक कायदा केला. व्यापार थांबविण्याचे वचन होते. तीन वर्षांनी तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेला आढळले की, त्या कायद्याचे नवे फौजदारी कलम केवळ एकदा वापरले गेले आहे. संकेतस्थळे मात्र बंद पडली किंवा परदेशी गेली, आणि गिऱ्हाईक आधी पारखून घेण्याचे साधन बायकांच्या हातून गेले.

यावर समाजवादी विचाराच्या माणसाचा आक्षेप असा असेल की, देहविक्रय हे शोषणाचे टोक आहे. त्याला काम म्हणणे म्हणजे शोषणाला मान्यता देणे. हा आक्षेप हलका नाही. बालिकांची विक्री आणि जबरदस्ती यांच्याविरुद्ध कायदा अधिक कठोरपणेच चालला पाहिजे. परंतु ऊसतोड कामगाराच्या पिळवणुकीवर उपाय म्हणून कुणी ऊसतोड्याला तुरुंगात टाकीत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध १९७५ साली गडहिंग्लजला परिषद भरली, तेव्हापासून चळवळीने प्रथेवर घाव घालताना त्या स्त्रीच्या पोटाचा, निवाऱ्याचा आणि तिच्या मुलांचा प्रश्न सोडला नाही. तीच वाट आजही योग्य आहे. बेल्जियममध्ये डिसेंबर २०२४ पासून करारावर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना आजारपणाची रजा, प्रसूती रजा, निवृत्तिवेतन आणि गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क मिळाला आहे. नकार देण्याचा हक्क हाच शोषणावरचा पहिला घाव असतो.

महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्र न मागता या स्त्रियांना शिधा देण्यास सांगितले, आणि राज्य सरकारने त्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी त्यांना दरमहा पाच हजार रुपयांचे साहाय्य मंजूर केले. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले: लैंगिक अत्याचाराची फिर्याद घेऊन येणाऱ्या या स्त्रियांना इतर कुणाही पीडितेइतकीच वैद्यकीय व कायदेशीर मदत मिळावी, निरोध जवळ सापडला हा पुरावा धरू नये, सुधारगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करून त्यांची सुटका करावी, पत्त्याच्या दाखल्यावाचून, आणि व्यवसायाचा उल्लेख न करता, त्यांना आधार पत्र मिळावे.

या आदेशांची परीक्षा दिल्लीत होत नाही. ती हिंगोलीच्या पोलीस ठाण्यात, वसमतच्या शिधावाटप कार्यालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत होते. शहरातून परतलेल्या बाईला शिधापत्रिका मागताना मागची दहा वर्षे कुठे होतीस, असे विचारले जाते की नाही, तिची फिर्याद लिहून घेतली जाते की तिलाच दरडावून परत पाठविले जाते, यावरून त्या निकालाची किंमत ठरेल. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना ठाणेदार आणि पुरवठा निरीक्षक यांच्यापर्यंत हे आदेश लेखी पोहोचविण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संसदेने मात्र १९५६ च्या कायद्यातील बाईलाच दंडिणारी कलमे काढून टाकली पाहिजेत, आणि ६७-अ कलमाचा रोख चित्रण करणाऱ्या स्त्रीकडून तिला लुटणाऱ्याकडे वळविला पाहिजे. हिंगोलीतील पक्ष आणि कामगार संघटना ऊसतोड मजुरांच्या मागण्या घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर जातात, तेव्हा त्या निवेदनात या स्त्रियांच्या शिधापत्रिकेची मागणीही लिहिली गेली पाहिजे. एकाच दुष्काळाने दोघांनाही गाव सोडायला लावले आहे.